चिठ्ठीतली खालची ओळ

साहेबांनी भोपळा उपडा केला आणि माझ्या सासूचं बी शाळेच्या अंगणात सांडलं.

दुपार होती. जीप चिंचेखाली उभी होती. सगळं गाव जमलं होतं, पुरुष पुढे बसलेले, बाया भिंतीला टेकून. ग्रामसेवकानं आदल्या दिवशी सांगितलं होतं की तालुक्याहून शेतीचे साहेब येणार आहेत, आपापलं बी घेऊन या, साहेब बघतील. बाकी कोणी नेलं नाही. माझ्या सासूनं नेलं. तिला वाटलं, बघतील म्हणजे कौतुकानं बघतील. तिनं पेरणीला कालवतात तसं बी कालवून, वाळल्या भोपळ्यात भरून नेलं होतं.

साहेबांनी बुटाच्या टोकानं तो ढीग पसरला.

"हे बियाणं? यात ज्वारी, यात तूर, यात उडीद. ही राख. आणि हे काय, गवताचं बी?"

"भादी," सासू म्हणाली.

"कोंबड्यांना घाला."

माणसं हसली. खालच्या गावचे पाटील साहेबांबरोबर जीपमधून आले होते. त्यांचा कापूस, त्यांची केळी, विहिरीवर इंजिन. खुर्ची दोघांनाच होती, साहेबांना आणि त्यांना. ते म्हणाले, "यास्नी खेती अशीच शे साहेब. जे हातमा ऊनं ते फेकं. खिचडी शे खिचडी."

पुन्हा हसले. आमचेही हसले. माझा नवराही हसला, मी पाहिलं.

खरंच एक कोंबडी आली आणि दाणे टिपायला लागली. सासू उकिडवी बसून बी गोळा करू लागली. साहेबांचा बूट थोड्या दाण्यांवर होता. तिनं तो हलायची वाट पाहिली. बाजूला व्हा, असं ती म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही. मी भिंतीशी उभी होते, डोक्यावर पदर, लग्नाला एक वर्ष झालेलं.

मग साहेबांनी छापील चिठ्ठ्या काढल्या. "तुमच्यात कोणाला वाचता येतं?"

सासऱ्यांना माझा अभिमान होता. तो नको त्या वेळी वर आला. ते उठून म्हणाले, "साहेब, मन्ही सून चौथी शिकेल शे."

अख्ख्या गावात तेव्हा चौथी शिकलेली मी एकटी. माझं माहेर वर डोंगरात. तिथं एक राहायची शाळा निघाली होती आणि बापानं खाणारं एक तोंड कमी होईल म्हणून मला तिथं घातलं होतं. घरात आमची बोली, बाजारात अहिराणी, आणि ही मराठी, जी मी आता लिहिते आहे, ती त्या शाळेतली. शाळेत मला एक गोष्ट फार नीट शिकवली. सांगितलं तेवढं वाच. थांब म्हटलं की थांब. मी चांगली विद्यार्थिनी होते.

मला पुढं ढकललं. हातात चिठ्ठी दिली. माझा आवाज निघेना.

"जोरात. जेवली नाहीस का?"

मी वाचलं. संकरित ज्वारीचं बी वापरावं. एका शेतात एकच पीक घ्यावं. निरनिराळी पिकं एकत्र पेरण्याची जुनी पद्धत सोडावी. बांधावर काही लावू नये. खताची मात्रा अमुक द्यावी. मी एकेक वाक्य वाचत होते आणि पायाशी सासू मातीतून भादी वेचत होती. भादी म्हणजे आमचं बारीक भरडधान्य, दाणा खसखशीहून थोडा मोठा. तो मातीतून वेचून निघत नाही. तरी ती वेचत होती. जे वाचत होते ते तिच्याच विरुद्ध होतं आणि तोंड माझं होतं. हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी मला एवढंच वाटत होतं की एकही अक्षर चुकू नये.

चिठ्ठीच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती. माझे डोळे तिथं पोचले. 'या पिकाचे बी राखून पुढील वर्षी पेरू नये. दर वर्षी नवीन बी घ्यावे.' डोळे पोचले, तोंड पोचायचं होतं. तेवढ्यात साहेबांनी चिठ्ठी ओढून घेतली.

"बस, पुरे. छान वाचते. पोपट पाळलाय तुम्ही."

"पोपट भारी शे!" मागून कोणी तरी ओरडलं.

मी परत भिंतीशी जाऊन उभी राहिले. लाज वाटली, आणि खरं लिहायचं तर थोडं बरंही वाटलं. साहेबांनी छान म्हटलं होतं.

आता हे सगळं मी मुलीच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे. मुलगी तिसरीत आहे. वहीची मागची पानं कोरी राहतात. हे कोणाला दाखवायचं नाही. पण लिहायला बसले आहे तर स्वतःला सोडून लिहिणार नाही.

ती ओळ मी घरी सांगितली नाही.

का सांगितली नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर मला ती कळली नाही. ज्या दाण्याची भाकरी होते तो दाणा पेरला की उगवतो, हे आमच्यात तान्ह्या पोरालाही माहीत. उगवूनही पेरायचं नाही असलं बी कसलं? सांगितलं असतं तर सासूनं विचारलं असतं, का गं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरं म्हणजे थोरांच्या बोलण्यात सुनेनं बोलायचं नाही. तिसरं, साहेबांनी पुरे म्हटलं होतं. मी थांबले होते.

माझी सासू बी कसं राखायची ते लिहून ठेवते, नाही तर पुढचं कळणार नाही.

कापणीच्या आधी ती एकटी शेतात जायची. उभ्या पिकात हिंडायची. कणीस मोठं आहे एवढ्यानं ती घ्यायची नाही. ताट वाऱ्यात पडलं की उभं राहिलं, पाखरांनी किती खाल्लं, शेजारच्या तुरीला त्यानं जागा दिली की नाही, हे बघायची. पसंत पडलेल्या ताटाला पळसाच्या सालीची दोरी बांधायची. त्या ताटाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पुढे ती कणसं वेगळी झोडून, राखेत घोळून, भोपळ्यात भरून चुलीच्या वर टांगायची. धुरानं भोपळे काळे झालेले. नव्या धान्याची देवापुढं पूजा झाल्याशिवाय आम्ही त्यातलं खात नाही, आणि बी बाजूला निघाल्याशिवाय ती पूजा होत नाही. म्हणजे आधी पुढच्या वर्षाचं, मग देवाचं, मग आपलं.

पेरताना ती कालवायची. किती ज्वारीला किती तूर, किती उडीद, भादी किती. माप नाही, मूठ. बांधावर अंबाडी, काकडीचे वेल. पाटील खिचडी म्हणाले. पण भादवा महिना आला की आमच्या घरात गेल्या सालचा दाणा संपलेला असतो आणि ज्वारी अजून हिरवी असते. त्या महिन्यात भादी पिकते. काकड्या येतात. अंबाडीचा पाला असतो. पाऊस ज्वारीवर रुसला तर तूर असते. काहीच हाती लागलं नाही असं एकही वर्ष तिनं पाहिलं नव्हतं.

आणि एक रीत होती. कोणाच्या घरी बी संपलं तर ती बाई दुसरीच्या दारात जाऊन ओंजळ पुढे करते. तोंडानं मागायचं नसतं. ओंजळ पाहिली की बी घालायचं. नाही म्हणता येत नाही. पीक आलं की ती परत आणून द्यायची, तेवढंच आणि वर एक मूठ.

त्या वर्षी सासऱ्यांनी सगळ्या शेतात हायब्रीड पेरलं. गावात सगळ्यांनीच पेरलं. बी सरकारी होतं, पहिल्या खेपेला खतही मिळालं. सासू म्हणाली, एका कोपऱ्यात माझी भादी टाकू द्या. सासरे म्हणाले, "साहेब बघायला येणार आहेत. पुन्हा हसवायचं आहे का गावाला?"

जुनं बी भोपळ्यात राहिलं. पुढे त्याला किडे लागले, थोडं आम्ही दळून खाल्लं.

पीक आलं, खोटं कशाला लिहू. ताटं बुटकी, कणसं जड. भाकरीला चव नव्हती आणि कडबा कमी पडून बैल वाळले, पण कणग्या भरल्या. साहेब आले, फोटो काढला. सासरे फोटोत आहेत.

फोटोच्या आधी, कापणीपूर्वी, सासू नेहमीसारखी पिकात गेली. या वेळी टोपली धरायला मला घेऊन गेली. पहिल्यांदाच. मी पोटुशी होते. ती म्हणाली, "बघून ठेव. मी मेल्यावर तुलाच करायचं आहे." एकेक ताट हातात घेऊन तिनं मला दाखवलं. हे का, ते का नाही. मग नव्या बुटक्या ताटांना तिनं पळसाच्या दोऱ्या बांधल्या. चांगल्यात चांगल्या ताटांना.

ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे आली. जशीच्या तशी. बारीक अक्षरं, शेवटी पूर्णविराम. माझं तोंड उघडलं नाही. मी टोपली धरून उभी राहिले.

दुसऱ्या वर्षी आम्ही तेच बी पेरलं. अख्ख्या गावानं. फोटोनंतर साहेब आले नाहीत, नवं बीही आलं नाही.

उगवलं ते बघून सासू बांधावर बसून राहिली. एक ताट कमरेएवढं, शेजारचं डोक्याच्या वर, तिसऱ्याला कणीसच नाही. काहींचं कणीस लवकर निसवलं आणि उतरत्या पावसात सापडून काळं पडलं. काही निसवलंच नाही. एकाच आईची पोरं एकमेकांना ओळखेनात असं ते शेत. सासू म्हणाली, "माझ्या हाताला काय झालं?" महिनाभर ती हेच म्हणत होती. माझा हात गेला. माझी नजर गेली. तिनं देवाला कोंबडं कबूल केलं. मी ऐकत होते.

मग भादवा आला. घरात दाणा नाही आणि शेतात भादी नाही. बांधावर अंबाडी नाही, वेल नाही. एकच पीक, आणि ते गेलेलं. आम्ही टाकळ्याचा पाला उकडून खाल्ला. तो रानात मिळेना तेव्हा डोंगरातून कंद आणून दिवसभर उकळले. साठवलेली मोहाची फुलं संपली. रेशनला लाल मिलो, परदेशची ज्वारी, आली, ती आणायला दीड कोस चालायचं आणि रांगेत उभं राहायचं. तिची भाकरी जमत नाही, तुटते. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. माझं दूध आटायला लागलं. सासू आपल्या वाटची भाकरी माझ्या पुढ्यात सारायची.

"तू खा. तू दोघींची आहेस."

ती भाकरी मी खात होते. ओळ माहीत असलेली मी.

कार्तिकात जीप पुन्हा आली. तेच अंगण, तीच चिंच. पाटील खुर्चीवर. या वेळी बी घेऊन कोणी आलं नव्हतं. सासऱ्यांनी काळं पडलेलं एक कणीस दाखवलं. साहेबांनी ते हातात घेतलं आणि हसायला लागले. मनापासून हसले.

"घरचं बी पेरलं? हायब्रीडचं बी राखून पेरलं? कमाल आहे बुवा तुमची."

पाटील म्हणाले, "यास्ले कितलं बी सांगा साहेब, यास्ना डोकामा काही शिरत नही."

"चिठ्ठीत छापलं होतं," साहेब म्हणाले. "मराठीत छापलं होतं. अक्कल नाही म्हणून उपाशी मरता आणि नाव सरकारचं घेता. कुठाय तुमचा पोपट? तिनं वाचलं नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी माझ्या कडेवर होती. सासूनंही पाहिलं. तिला साहेबांची मराठी सगळी कळली नव्हती. वाचलं, चिठ्ठी, पोपट एवढं कळलं होतं.

साहेबांनी नवी चिठ्ठी पुढं केली. "ये. वाच. या वेळी नीट वाच."

मी मुलगी सासूकडे दिली. पुढे गेले. चिठ्ठी घेतली. मी चिठ्ठी डोळ्यांपुढे धरली आणि तळापासून सुरुवात केली.

"'या पिकाचे बी राखून पुढील वर्षी पेरू नये. दर वर्षी नवीन बी घ्यावे.'"

"वरून वाच," साहेब म्हणाले.

"वरचं मागं वाचलं."

"वरून वाच म्हणतो ना!"

"मागच्या वेळी ही ओळ राहिली होती," मी म्हणाले. शाळेच्या मराठीत म्हणाले. त्या अंगणात माझ्यासारखीच्या तोंडून कोणी ती मराठी वाचण्याशिवाय ऐकली नव्हती. "मी इथपर्यंत आले होते. तुम्ही कागद ओढलात. पुरे म्हणालात."

साहेबांचं तोंड लाल झालं. "एका ओळीनं काय होतं? मोठ्यानं सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का?"

हे त्यांचं बरोबर होतं. म्हणून मी त्यांच्याकडे पाठ केली. गावाकडे तोंड केलं आणि आमच्या बोलीत बोलले. चिठ्ठीत काय होतं ते सांगितलं. माझ्या सासूचा हात गेलेला नाही, नजर गेलेली नाही, बीच तसलं होतं, ते सांगितलं. यांना माहीत होतं आणि यांनी ते सर्वांत खाली, सर्वांत बारीक लिहिलं, हे सांगितलं. आणि मला माहीत होतं, मी वाचलं होतं, मी बोलले नाही, हेही सांगितलं. आवाज फुटत होता. पण थांबले नाही. थांब म्हणणारे मागे होते.

साहेब म्हणाले, "काय बडबडते ही?" कोणी त्यांना सांगितलं नाही. पाटलांना आमची बोली थोडी येते. तेही गप्प बसले.

चिठ्ठी मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "ही मी वाचणार नाही," म्हणाले. "तुमची आहे. तुम्ही वाचा. सगळी वाचा. त्यांना कळेपर्यंत वाचा."

सासऱ्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला होता. कोणी शाबास म्हणालं नाही. घरी जाताना नवरा म्हणाला, "आता बी पण देणार नाहीत ते." खरं होतं ते.

सासू मला काही म्हणाली नाही. तेच वाईट होतं. संध्याकाळी तिनं आपल्या वाटची भाकरी माझ्या पुढ्यात सारली, रोजच्यासारखी. फक्त माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर ती कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. मुलीशी बोलायची, माझ्याशी नाही.

उन्हाळ्यात मी माहेरी गेले. वर जीप जात नव्हती, चिठ्ठ्या पोचल्या नव्हत्या. मुलीला पाठीशी बांधून चढले. चुलतीच्या दारात उभी राहिले आणि ओंजळ पुढे केली. माझ्याच माहेरी. माहेरवाशीण ओंजळ करत नाही, तिला बसवून जेवू घालतात. चुलतीनं ओंजळीकडे पाहिलं, माझ्या मुलीच्या हातापायांकडे पाहिलं. घरात गेली. भादी घेऊन आली. मग ज्वारी. मग तूर.

"तुमच्याकडे संपलं?" एवढंच विचारलं.

"आम्ही संपवलं," मी म्हणाले.

त्या दिवशी मी सात दारांत उभी राहिले. रिकामं कोणी पाठवलं नाही.

परत आल्यावर गाठोडं सासूपुढं सोडलं. तिनं एक दाणा दातांखाली धरला. वास घेतला. भादी तळहातावर पसरून बराच वेळ पाहत राहिली. मग उठली, काळा भोपळा खाली काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "राख आण."

ती आता नाही. जाईपर्यंत तिनं मला त्या ओळीबद्दल कधी विचारलं नाही आणि माफ केलं असंही कधी म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. तिच्यानंतर कापणीआधी पिकात मी जाते. पळसाच्या दोऱ्या मी बांधते. माझी मूठ अजून तिच्यासारखी पडत नाही. भादवा अजूनही जड जातो. थकायला होतं. पण माझ्या घरात भादवा कोरडा गेलेला नाही.

जीप अजून येते. साहेब बदलले, चिठ्ठ्या बदलल्या. गावात कोणताही कागद आला की तो माझ्याकडे येतो, खताचा, रेशनचा, जंगलखात्याचा. मी कोणाला लगेच अंगठा उठवू देत नाही. आधी खालची बारीक अक्षरं वाचते, आमच्या बोलीत सांगते, मग वर जाते. पुरे म्हटलं तरी वाचते. कोणी कागद ओढला तर मी सोडत नाही. फाटला तर फाटू दे. माझ्या हातातला अर्धा मी वाचून दाखवीन आणि उरलेला अर्धा कोणाच्या हातात आहे, ते बोट दाखवून सांगीन.